बेडं घातलंस का गो?

फोटो तसा बरा आलाय. समोर हिरवागार उतार, तो एकाएकी संपून खाली तुटलेला कडा, कड्याच्या पायाशी पुस्तकाच्या पानांसारखे उभे राहिलेले दगडाचे थर आणि त्यापलीकडे शिशाच्या रंगाचा समुद्र. घरच्या ग्रुपवर टाकला तेव्हा भावजयीने 'अगं बाई, स्वर्गच गं' असं लिहिलं. उजव्या कोपऱ्यात लाकडी फाटकाचा खांब अर्धाच आलाय आणि त्याला निळी नायलॉनची दोरी लोंबतेय, हे कुणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं. माझ्याही आलं नव्हतं. आता मात्र तो फोटो उघडला की दुसरं काही दिसतच नाही.

दोरी लोंबतेय, म्हणजे फाटक उघडं आहे.

मे महिन्याचा शेवट होता. लेक स्पेनच्या उत्तरेला, बास्क मुलखातल्या बिल्बाओला शिकते. तिची परीक्षा चालू आणि मी तिच्या एवढ्याशा खोलीत तिसऱ्यांदा कपाट आवरून कंटाळलेली. शेवटी तीच म्हणाली, "आई, तू सुमाया ते देबा चालत जा. चौदाएक किलोमीटर आहे, तुला सहज जमेल. चुकायचा प्रश्नच नाही, समुद्र उजव्या हाताला ठेवायचा." ट्रेनमध्ये बसवून देताना तिने माझ्याकडून तिथल्या बास्क भाषेतले चार शब्द पाठ करून घेतले. 'काइशो' म्हणजे नमस्कार (हे मी 'काय हो'वरून लक्षात ठेवलं), 'एगुन ओन' म्हणजे सुप्रभात, 'एस्केरिक आस्को' म्हणजे आभार. आणि चौथा सगळ्यात सोपा. "इथे 'बाई' म्हणजे हो." मग नाहीला काय म्हणतात, असं मी विचारलं, तर म्हणाली, "एस." गाडी सुटेपर्यंत आम्ही दोघी हसत होतो. 'बाई' म्हणजे हो आणि 'एस' म्हणजे नाही, असल्या भाषेच्या प्रदेशात मी एकटी निघाले होते.

सुमायाला उतरले तेव्हा पाऊस होता, पण त्याला पाऊस म्हणणं धाडसाचं. पडतोय असं वाटत नाही, अंगावर येऊन बसतो. छत्री उघडली तर खालून आत शिरतो. त्याला तिकडे 'चिरिमिरी' म्हणतात. चिरीमिरी आपल्याकडे टेबलाखालून जाते, तिकडे ढगातून येते. थोडी थोडी, कुणाच्या लक्षात येणार नाही अशी, पण दिवसाअखेर माणूस पुरता ओला. आमच्या गुहागरकडच्या आजोळी पाऊस म्हणजे पत्र्यावर धोंडे पडल्यासारखा. एकमेकांचं बोलणं ऐकू यायचं नाही. इथे तो इतका गप्प होता की दूरवरच्या मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा स्पष्ट ऐकू येत होत्या.

गावाच्या डोक्यावर, अगदी कड्याच्या टोकाला, सान तेल्मोचं छोटंसं पांढरं देऊळ आहे. देऊळ म्हणजे चॅपल; पण समुद्रावर जाणाऱ्यांचा राखणदार संत, गावाबाहेर कड्यावर एकटाच बसलेला, म्हटल्यावर माझ्या तोंडून देऊळच येणार. तिथून खाली इत्सुरुनची पुळण दिसते आणि तो प्रसिद्ध खडक. चुनखडीचा कठीण थर, मग मऊ मातकट थर, पुन्हा कठीण, पुन्हा मऊ, असे शेकडो. एके काळी खोल समुद्राच्या तळाशी आडवे साचलेले हे थर, पिरेनीज पर्वत वर येताना दाबले गेले आणि कलंडून उभे झाले. लाटा मऊ भाग खाऊन टाकतात, कठीण पात्यांसारखा पुढे राहतो. याला 'फ्लिश' म्हणतात. सुमाया, देबा आणि शेजारचं मुत्रिकु मिळून हा सगळा भाग आता युनेस्कोचा जिओपार्क आहे, आणि त्या थरांत मिळून सहा कोटी वर्षांच्या आसपासचा काळ रचून ठेवलाय म्हणतात. एवढा आकडा ऐकला की माझं डोकं बंद पडतं. मी त्या थरांकडे बघत होते आणि मनात आईच्या कपाटातल्या घडी घातलेल्या साड्या येत होत्या.

थोडं पुढे अल्गोरी नावाची जागा लागते. तिथे शाळेची मुलं घेऊन आलेला एक गाईड खाली खडकाकडे बोट दाखवत होता. त्याचं स्पॅनिश मला दहातलं तीन कळत होतं, पण 'दिनोसाउरियो' कुणालाही कळेल. जेमतेम बोटभर जाडीची एक काळपट रेघ. तिच्या खालच्या दगडात डायनोसॉरचं युग, वरच्या दगडात ते नाहीत. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीची ती रेघ. मेक्सिकोच्या बाजूला मोठी उल्का पडली ती तेव्हाच, आणि आपल्याकडे दख्खनवर लाव्हाचे लोटच्या लोट येत होते तेही त्याच सुमारास. ज्या काळ्या कातळावर आमचं आजोळ उभं आहे, ज्याचा वरचा भाग कुजून जांभा झाला आणि ज्या जांभ्याचे चिरे काढून आजोबांनी घर बांधलं, तो कातळ त्या वेळी वाहत होता. सर्वनाशात उल्केचा वाटा किती आणि आमच्या लाव्हाचा किती, यावर शास्त्रज्ञांची भांडणं अजून मिटलेली नाहीत. म्हणजे आमच्या गावचा दगडही संशयितांत आहे. इतक्या लांब येऊन स्वतःच्या परसातला धोंडा भेटावा, याचा मला उगाचच अभिमान वाटला. आरोपी असण्याचा अभिमान, पण वाटला खरा.

त्या खुशीतच मी पुढे निघाले.

अल्गोरीनंतर वाट शेतांमधून जाते. सांतियागोच्या तीर्थाला पायी जाणाऱ्या यात्रेकरूंचे पिवळे बाण आत डोंगराकडून, इत्सियारच्या बाजूने नेतात. लाल-पांढऱ्या पट्ट्या समुद्राच्या कडेकडेने. पाठीवर यात्रेची खूण म्हणून शिंपला बांधलेले दोघंतिघं 'बुएन कामिनो' (वाट सुखाची होवो) म्हणत मला मागे टाकून गेले. त्यांना घाई होती, अजून कित्येक आठवडे चालायचं होतं. मी रमतगमत. उतारांवर गवत कापून ठेवलेलं, त्याचा गोडसर ओला वास. बहुतेक ठिकाणी आता गवताचे गठ्ठे प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवतात, राक्षसाने टाकलेल्या पेढ्यांसारखे. पण एका घराशेजारी मधोमध वासा रोवून त्याभोवती रचलेली चक्क उडवी दिसली. आमच्याकडच्या भाताच्या उडवीसारखीच, टोकाला निमुळती. मी तिच्याभोवती एक चक्कर मारून आले.

आणि घरं. बास्क शेतघराला 'बासेर्री' म्हणतात. जाड दगडी भिंती, रुंद उतरतं कौलारू छप्पर, खाली गोठा आणि वर माणसं, म्हणजे गुरांची ऊब फुकट. लेकीने सांगितलं होतं की इथे आडनाव माणसाचं नसतं, घराचं असतं. एचेबेरिया म्हणजे नवं घर, गोइकोएचेआ म्हणजे वरचं घर. हे ऐकून मला हसू आलं होतं, कारण आमच्याकडे आडनाव एकच आणि ओळख 'वरच्या घरातली', 'खालच्या घरातली', 'मधल्या घरातली' अशीच. फरक पुढे आहे. बास्क लोकांनी घर कधी वाटलं नाही. एका मुलाला, बऱ्याच ठिकाणी मुलगीसुद्धा चालायची, घर आणि जमीन अख्खी द्यायची. बाकीच्यांनी चर्चमध्ये जावं, समुद्रावर जावं, नाहीतर अमेरिकेत मेंढ्या राखायला जावं. आमच्याकडे सगळ्यांनी मुंबई गाठली आणि सगळ्यांची नावं सातबाऱ्यावर राहिली. आजोळच्या उताऱ्यावर आज सत्तावीस नावं आहेत आणि घराचं मागचं पडवीचं छप्पर गेल्या पावसात बसलं. ते त्यांचं बरं की आपलं, मला ठरवता येत नाही. घर टिकलं, पण धाकट्या भावाला बोटीत बसवून देताना आईला काय वाटत असेल? आमच्याकडे निदान गणपतीला तरी सगळे येतात आणि त्या बसलेल्या पडवीवरून भांडतात.

तर ते फाटक. एलोरियागा गावाच्या अलीकडे कुठेतरी वाट एका कुरणातून जात होती. लाकडी फाटक, त्यावर हाताने रंगवलेली पाटी, शब्द दोन की तीन, आणि खांबाला अडकवलेली निळी दोरी. दोरी काढून मी आत गेले एवढं पक्कं आठवतंय. मग समोर ते दृश्य आलं आणि मी मोबाइल काढला. एक हात फाटकावर होता की नव्हता, दोरी परत अडकवली की नाही, हे माझ्या डोक्यातून पार पुसलं गेलंय. चारपाच फोटो काढले. पुढे शंभर पावलांवर घर होतं, घरापुढे लीकच्या कांद्यांचा वाफा, आणि वाफ्यात वाकलेली एक म्हातारी. निळ्या चौकड्यांचा एप्रन, पायात रबरी बूट, हातात खुरपं. मी मोठ्या रुबाबात म्हटलं, "एगुन ओन!"

ती सरळ उभी राहिली. तोंडभर हसली. आणि बोलायला लागली.

खूप बोलली. मला एक अक्षर कळलं नाही, पण चेहरा इतका आपलेपणाचा की थांबवावंसं वाटेना. शेवटी तिने माझ्या मागे, मी आले त्या दिशेला खुरपं रोखून काहीतरी विचारलं. शेवट वर चढणारा, म्हणजे प्रश्न नक्की. माझ्याकडे एक शब्द शिल्लक होता, तो मी दिला. "बाई," मी म्हटलं. तिने पुन्हा विचारलं, जरा हळू. मी दोनदा मान डोलावून, "बाई, बाई." ती समाधानाने खाली वाकली आणि कामाला लागली. मी 'एस्केरिक आस्को' म्हणून पुढे. पुढचे दोन तास मी तरंगत होते. सकोनेताच्या किनाऱ्यावर ओहोटीमुळे खडकाचा सपाट तळ लांबवर उघडा पडला होता, नांगरलेल्या शेतासारखा, तिथे बसून चटणी-पोळी खाल्ली, आणि मनात एकच: आपण एका बास्क आजीशी बास्कमध्ये बोललो.

संध्याकाळी देबाला पोचून लेकीला फोन केला. सगळं साग्रसंगीत सांगितलं. तिने विचारलं, "काय म्हणत होती ती?" मी कानात राहिलेले आवाज म्हणून दाखवले. काहीतरी 'आतेआ', मग 'इची', मग 'दुसु'. पलीकडे क्षणभर शांतता.

"आई, 'आतेआ इची दुसु?' म्हणजे 'फाटक बंद केलंस का?'"

"अगं बाई," मी म्हटलं.

"हो ना. तू तेच म्हणालीस तिला," असं म्हणून ती हसत सुटली. मीही हसले. फोन ठेवल्यावर फोटो उघडून दोन बोटांनी मोठा केला.

फाटक बंद केलंस का. या प्रश्नाचं वय माझ्यासाठी पन्नास वर्षं आहे. आजोळी पाणंदीतून आत यायच्या वाटेला गडग्यामध्ये बेडं होतं. दोन बाजूंना भोकं पाडलेले खांब आणि त्यांत सरकवायचे तीन आडवे बांबू. आम्ही पोरं खालचा एकच सरकवून वाकून आत यायचो आणि धावत सुटायचो. मागीलदारी आजीला आमची पावलं ऐकू यायची, आणि ती हातातलं काम न सोडता ओरडायची, "बेडं घातलंस का गो?" मी धावता धावता, "होऽऽ!" ते हो म्हणजे उत्तर नव्हतंच. आजीचं ओरडणं आणि माझं हो, ही जोडी होती, जसं देवळात एकाने घंटा वाजवली की दुसऱ्याने हात जोडायचे. एकदा मात्र मधल्या घरातली गाय आत आली आणि आजीच्या वालीच्या वेली, मिरच्यांची रोपं, सगळं साफ. आजी मला काही बोलली नाही. संध्याकाळी मधल्या घरातल्या काकूंना म्हणाली, "माझंच चुकलं गो, मीच विसरले." मी ओटीवर बसून ऐकत होते. मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. लाज वाटायला पुढची काही वर्षं लागली.

देबाच्या त्या खोलीत झोप येईना. खाली नदी समुद्राला मिळते, भरतीचा आवाज येत होता. फाटकापेक्षा मला ते 'एगुन ओन' जास्त टोचत होतं. मी 'ओला', म्हणजे स्पॅनिश नमस्कार, म्हटलं असतं तर ती माझ्याशी स्पॅनिशमध्ये बोलली असती. तिथे स्पॅनिश न येणारं माणूस शोधून सापडणार नाही. मी समजले नाही हे तिला कळलं असतं, तिने हातवारे केले असते, मी मागे जाऊन दोरी बघितली असती. पण मी तिच्या भाषेत हाक मारली. ती ऐंशीच्या पुढची असावी. म्हणजे तिची शाळा स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या काळातली. बास्क बोललं की शिक्षा, असा तो काळ. वर्गात जो बास्क बोलताना सापडेल त्याच्या हातात एक अंगठी द्यायची, त्याने ती दुसऱ्या बोलणाऱ्याला पकडून त्याच्याकडे सरकवायची, आणि शेवटी ज्याच्याकडे उरेल त्याला मार. ही पद्धत त्याहून जुनी, पण काही शाळांत तोवर टिकून होती. हे सगळं मला लेकीने आधीच सांगितलं होतं, मी 'अरेरे' म्हणून ऐकलंही होतं. त्या भाषेचा एक शब्द मी फुकट उचलला, मिरवला, आणि त्याच्या जोरावर एका बाईला खोटं उत्तर दिलं. मुंबईचे पाहुणे बाजारात 'काय गो' म्हणून हेल काढतात आणि कोळीण पुढे बोलली की कावरेबावरे होतात, त्यांना मी आयुष्यभर हसत आले आहे.

दुसऱ्या दिवशी मुत्रिकुला जायचं ठरलं होतं. मी ट्रेनने परत सुमाया गाठलं. लेकीला मेसेज केला, तर तिचं उत्तर, "आई, तू ग्रेट आहेस की वेडी, मला कळत नाही." आणि त्याखाली, "एस दुत उलेर्त्सेन = मला समजत नाही. पाठ कर." तो मंत्र पुटपुटत मी सान तेल्मो चढले. कालचीच वाट, तीच चिरिमिरी, पण आज काही दिसत नव्हतं. डोळ्यांपुढे रस्त्यावर भटकणाऱ्या मेंढ्या, एखादी गाडी.

फाटक बंद होतं. दोरी जागेवर. मी दोरी न काढता तिथेच उभी राहिले, कारण आत गेलं तर ती पुन्हा लावावी लागणार आणि आता मला त्याचीच भीती वाटत होती. कुत्रा भुंकला. लीकच्या वाफ्यातून ती उठून आली, तोच एप्रन. काही बोलायच्या आत मी सांगून टाकलं, "एस दुत उलेर्त्सेन." ती हसली आणि बास्कमध्येच काहीतरी म्हणाली. मग मी माझ्या मोडक्या स्पॅनिशमध्ये, हाताने, खांद्याने: काल, मी, फाटक, उघडं, मी 'बाई' म्हणाले, समजलं नव्हतं. तिला किती कळलं देव जाणे. वाफ्याच्या कडेचे तीनचार कांदे आडवे झालेले मला दिसले. ते मेंढीने केले, कुत्र्याने केले, की खुरपताना तिचाच पाय पडला, हे विचारण्याइतके शब्द माझ्याकडे कुठल्याच भाषेत नव्हते. तिनेही सांगितलं नाही.

तिने आतून हात घालून दोरी सोडली आणि तिचं टोक माझ्या हातात दिलं. मग माझ्या मनगटाला धरून दाखवलं. एक वेढा खांबाभोवती. तिथे मी थांबले, कारण मला वाटलं झालं. तिने मान हलवली. अजून एक वेढा, आणि खांबाच्या मागच्या बाजूला एक गंजका खिळा होता, त्याच्या खालून ओढून घ्यायचा. तो खिळा बाहेरून दिसतच नव्हता. म्हणजे काल मी एक वेढा घातला असेल आणि तो वाऱ्याने सुटला असेल? की घातलाच नसेल? फोटोत फक्त दोरी लोंबते, बाकी काही सांगत नाही.

तिचा हात ओला, मातीने भरलेला, आणि आश्चर्य वाटावं इतका गरम होता. स्वतःच्या छातीवर बोट ठेवून ती म्हणाली, "लाउरोगेइता लाउ," आणि चार बोटं दाखवली, मग पुन्हा चार. 'लाउरोगेइ' म्हणजे चार वीस, एवढं मला ठाऊक होतं. हे लोक विसांनी मोजतात. आमची आजीही वय असंच सांगायची, "चार विसा झाले गो." चार वीस आणि चार. मी माझं वय विसांत सांगायचा प्रयत्न केला, दोन वीस आणि उरलेले बोटांवर मोजता मोजता चुकले, तशी ती खांद्यावर हात मारून हसली.

निघताना मी फाटकाबाहेर आले आणि दोरी लावली. एक वेढा. दुसरा वेढा. खिळ्याखालून. बोटं थंडीने कडक झाली होती, दोनदा निसटली. ती आतल्या बाजूला उभी राहून बघत होती, मदतीला आली नाही. झाल्यावर तिने फाटक धरून एकदा गदागदा हलवलं, आजी बेड्याचे बांबू हलवून बघायची तसं, आणि मान डोलावत म्हणाली,

"बाई."